वामनरावांनी शपथ घेतली नाही

आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं, मंग जन्मभर 'हे' अन् 'ते'. मी घेते. वामनराव. लग्नाच्या आठव्या दिवशी त्यायनंच सांगतलं, का नाव हाक मारायसाठी असते, तं तू मारत जा. सासूनं डोळे वटारले, मले लाज वाटली, पण हळूहळू जीभ वळली. सव्वीस वर्षं झाली त्याले. गावातल्या बाया अजून म्हणतात, कोकिळा लय शेफारली. म्हणू द्या.

तं हा माहा नवरा देव मानत नाही. भांडखोर नाही बरं, देवळाले शिव्या देत फिरणारा नाही. मले दरवर्षी मोटरसायकलवर माहूरले नेत, खाली टपरीवर चहा पित बसत, मी दर्शन घेऊन उतरली का विचारत, गर्दी लय होती का, पाय दुखले का. प्रसादाचा शिरा आणला तं दोन वाट्या खात. शिरा शिरा असते, म्हणत. पण तोंडातून देवाचं नाव काढणार नाहीत. जे मनात नाही ते तोंडात कायले, एवढंच त्यायचं म्हणणं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं. एक दिवस करून पाहा. सकाळी फाटकात उभं राहून कोणी 'राम राम' म्हटलं तं काय म्हणसान? ठेच लागली तं 'अरे देवा', माणूस मेला तं 'देवाघरी गेला', दुखणं बरं झालं तं 'देवाची कृपा', नाही झालं तं 'देवाची मर्जी', अन् एस.टी. कवा येईन तं 'देव जाणे'. आपलं अर्धं बोलणं देवाच्या नावानंच चालते. वामनराव राम रामले 'नमस्कार' म्हणत, मेलेल्याले 'वारले' म्हणत, अन् एस.टी.चं विचारलं तं 'मले माहीत नाही' म्हणत. एकदा ढोरायच्या कुटारात, भुशात, हात घातला अन् इंचू चावला. मी धावली, म्हटलं आता तरी निघते देव तोंडातून. तं हे दात खाऊन 'इंचू, इंचू' एवढंच. दवाखान्यातून आल्यावर मी चिडवलं, का मेले असते तं कोणाचं नाव घेऊन मेले असते. म्हणे, इंचवाचं.

आम्हाले लेकरू झालं नाही. गावानं त्याचा बी हिशोब लावून ठेवला होता, का नवरा देव मानत नाही म्हणून कूस उजवली नाही. मी उपास केले, शनिवार धरले, माहूरले ओटी भरली. त्यायनं कधी अडवलं नाही अन् कधी टोमणा मारला नाही. फक्त एकदा म्हणाले, कोकिळा, डॉक्टरनं सांगतलं ते माह्यात कमी आहे, तुह्यात नाही, हे तू चारचौघीत सांगत जा, उगाच तुह्या देवावर कायले आळ. असं बोलणारा पुरुष माह्या पाहण्यात दुसरा नाही.

काम त्यायचं अर्ज लिहायचं. महागावले तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री. रेशनकार्डात नाव चढवायचं, निराधारचा पगार, सातबाऱ्यातली चूक, विहिरीचं प्रकरण. आता बाजूले टायपिंगवाला पोट्टा बसते, पण कच्चा अर्ज वामनराव हातानं लिहून देत. प्रतिज्ञापत्र असलं तं माणसाले विचारत, तुम्ही देव मानता का. मानत असला तं 'ईश्वरसाक्ष' लिहीत, नसला तं 'सत्यप्रतिज्ञेवर'. मी म्हणे, तुमच्या हातानं देवाचं नाव लिहिता न मंग. ते म्हणत, ते त्याचं बोलणं आहे, मी फक्त लिहिणारा.

त्यायचा एक नियम होता. ज्याचा अर्ज, त्याची गोष्ट. कोणी कोणाविरुद्ध काय लिहून नेलं, हे घरात मले बी सांगत नसत. माह्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यायले ठाऊक होतं, तो भाग वेगळा. पण या नियमामुळं अन् तोंडातून खोटं न निघाल्यामुळं त्यायच्या बोलण्याले गावात वजन आलं. वावराच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण असो का वाटणीचं, लोक म्हणत वामनरावले इचारा. वामनराव म्हणाले न, मंग झालं. आमच्या दुर्गा मंडळाचे अध्यक्ष देवराव, वयानं साठीचे, त्यायनंच एकदा भर सभेत म्हटलं होतं का या माणसाले शपथ घालायची गरज पडत नाही. मी बायायच्या घोळक्यात बसली होती. माही छाती फुगली होती, खोटं कायले सांगू.

आता माह्या भावाचं सांगते, संजयचं. आई मेली तवा तो सहा वर्षांचा अन् मी पंधराची. बाप दारूत. मी त्याले न्हाऊ घातलं, खाऊ घातलं, अन् लग्न होऊन आली तं संगं घेऊन आली. पाठराखणीले करवली येते दोन दिवस, हा कायमचा आला. वामनरावनं हूं का चूं केलं नाही. शिकवला, वावरात उभा केला, याच गावात देवीच्या ओट्यामागं त्याले घर बांधून दिलं, सुरभीसंगं लग्न लावलं. आमचं लेकरू म्हणाल तं तोच. देवभक्त लय, माह्यावर गेला. नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल नाही, एकवेळ फराळ, मंडळाचा उपाध्यक्ष. भाऊजी देव मानत नाहीत याची त्याले चारचौघात लाज वाटे, हे मले दिसत होतं. मी दुर्लक्ष केलं.

सुरभीचं दोनदा पोट वाया गेलं. तिसऱ्यांदा मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगा एवढासा, ओंजळीत मावेल. तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवून घरी पाठवला. अन् घटस्थापनेले ओट्यावर डीजे लागला. घर मागंच. पत्रे थरथरत, भांडी वाजत, अन् ते पोरगं दचकून दचकून निळं पडे. दूध ओढणं सोडलं त्यानं. संजयनं मंडळाच्या पोट्ट्यायले म्हटलं, आवाज जरा कमी करा. पोट्टे हसले, म्हणे उपाध्यक्षच असं म्हणाले तं कसं होईन. त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. पद जाईन, नाव जाईन, हे भेव त्याले पोरापेक्षा मोठं झालं. हे मी आज म्हणते. तवा मले तो बिचाराच वाटला.

तिसऱ्या माळेले दुपारी तो आमच्या घरी आला. वामनरावच्या अंगात कणकण होती म्हणून ते कचेरीले गेले नव्हते. संजय चुलीपाशी बसून लहान लेकरासारखा रडला. म्हणे भाऊजी, ठाण्यात अर्ज द्यायचा आहे, पण माहं नाव नको, 'एक त्रस्त गावकरी' लिहा. वामनराव म्हणाले, निनावी अर्ज मी लिहीत नाही, चाल, दोघं मिळून देवरावकडे जाऊ, मी बोलतो. संजय म्हणे, बोलले तं मले गावात तोंड दाखवता येणार नाही. दोघंबी ऐकेनात. मंग मी मधात पडली. मी म्हटलं, लिहा न, माह्या भाच्यासाठी लिहा, सव्वीस वर्षांत मी तुम्हाले काही मागतलं का? हे शब्द माहे आहेत. वामनरावनं माह्याकडे पाह्यलं अन् कागद काढला.

टायपिंग करायले नेलं तं पोट्टा गावभर करीन, म्हणून हातानंच लिहिलं. संजय म्हणे, अक्षर जरा वाकडं काढा भाऊजी. ते म्हणाले, अक्षर वाकडं काढणं मले जमणार नाही. झालं, तिथंच माती खाल्ली. एवढा शहाणा माणूस, अन् निनावी अर्ज आपल्या चांगल्या अक्षरात, खाली रेघ मारून लिहून दिला. घराघरात ज्याच्या हातचा एक तरी कागद आहे, त्याचं अक्षर लपते का? पण त्यायच्या डोक्शात लपवायचं आलंच नाही, अन् माह्या बी नाही. संजयनं तो कागद खिशात घातला अन् तालुक्याले जाऊन ठाण्याच्या तक्रारपेटीत टाकला.

चौथ्या माळेले सांजवेळी पोलीस आले. डीजे उचलून नेला अन् तीन पोट्ट्यायवर गुन्हा लागला. त्या तिघात देवरावचा नातू पियुष होता. पियुष पोलीसभरतीत मैदान मारून, लेखी काढून बसला होता, फक्त चारित्र्य पडताळणी राह्यली होती. आता गुन्हा लागल्यावर कायची भरती. देवरावच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. गावाचा राग मी समजू शकते. पोराचं आयुष्य आडवं झालं होतं, गंमत नव्हती ती.

सहाव्या माळेले त्या अर्जाचा फोटो पोट्ट्यायच्या मोबाईलवर आला. कुठून फुटला ते कोणाले ठाऊक. पण दहा मिनिटांत गावभर झालं का अक्षर वामनरावचं. अन् कसं जुळलं पाहा. देव न मानणारा माणूस, देवीच्या उत्सवात खोडा घालणार नाही तं काय करीन. सव्वीस वर्षं ज्या माणसानं कोणाच्या आरतीत आवाज केला नाही, त्याचं न बोललेलं एका दिवसात सारं त्याच्याच अंगावर आलं. कधी राम राम म्हटलं नाही, कधी गुलाल लावून घेतला नाही, कधी जयजयकार केला नाही. एकेकानं एकेक आठवून काढलं.

सातवी माळ शनिवारी आली. सकाळी मारोतीच्या पारावर गाव जमलं. आमच्याकडं जुनी रीत आहे. चोरीचपाटी असो का कोणाचं काही जळालं-कापलं, मारोतीच्या पायावर हात ठेवून सांगायचं का हे म्या केलं नाही. खोटा हात ठेवला तं तो सोडत नाही, असा विश्वास. देवरावनं सांगतलं, ओट्याच्या गल्लीतला घरटी एक माणूस हात ठेवीन, अन् ज्याचं अक्षर ते वामनराव बी. अन् ज्याचा अर्ज निघाला त्याचं घर या गावात राहणार नाही. असं बोलणं कायद्यात बसत नाही, हे वामनरावनं किती जणायले लिहून दिलं होतं. पण त्या दिवशी कायदा कोण काढते.

एकेक जण शेंदराच्या पायावर हात ठेवून उतरत गेला. वामनरावचं नाव आलं. ते पारावर चढले, चपला खाली काढून. देवळात जायची वेळ आली तं चपला काढत, लोकायच्या जागेचा मान म्हणून.

"अक्षर माहं आहे," ते म्हणाले. "अर्ज माहा नाही. कोणाचा आहे ते सांगणार नाही. तुमच्यातल्या कोणाचाही असता तरी सांगतलं नसतं."

देवराव म्हणाले, "मंग हात ठेवा अन् एवढंच म्हणा. तुमच्यासाठी तं तो दगड आहे. दगडाले कायचं भेव?"

"भेव नाही. पण मी हात ठेवला तं तुम्ही मले त्या हातामुळं खरं मानसान. मंग माह्या बोलण्याचं काय राह्यलं? अन् ज्याले मी मानत नाही त्याले साक्षीले बोलावलं तं तेच माहं खोटं होईन."

कोणाले समजलं ते? मले बी तवा अर्धंच समजलं. मनात म्हटलं, ठेवा न एकदाचा हात, कुठं झिजते. लोकायले एवढंच दिसलं का हात गेला नाही. मागून कोणी म्हणालं, चोराच्या मनात चांदणं. पण मले भरोसा होता. माह्या भावाचा भरोसा. म्हटलं आता संजय पुढं येईन. ज्यानं याले वाढवलं, त्याले हा असा टाकणार नाही.

संजय पुढं आला. अनवाणी, कपाळाले कुंकवाचा मळवट. पारावर चढला, मारोतीच्या पायावर दोन्ही हात ठेवले, डोकं टेकवलं.

"मारोतीराया साक्ष आहे," तो म्हणाला. "म्या अर्ज केला नाही, करवला नाही. भाऊजीले म्या मंगळवारी पाय धरून सांगतलं होतं, का गावाच्या सणात आडवे जाऊ नका. त्यायनं ऐकलं नाही."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाह्यलं. नुसतं नाही म्हणून उतरला असता तं मी समजून घेतलं असतं, भेला म्हटलं असतं. पण ज्या माणसाच्या घरी भाकर खाल्ली, त्याच्यावर देवाच्या पायाशी उभं राहून आळ घेतला. अन् शेंदरानं भरलेले हात घेऊन खाली उतरला तं लोकायनं वाट करून दिली. मी मारोतीकडं पाह्यलं. खरं सांगते, वाट पाह्यली. म्हटलं आता काही होईन, हा अडखळून पडीन, जीभ जड होईन. लहानपणापासून मले हेच सांगतलं होतं. काही झालं नाही. कबुतरं तेवढी गुटुरगू करून राह्यली होती.

वामनराव संजयकडं पाहत होते. रागानं नाही. एवढंच म्हणाले, "मी बोललो ते बोललो," अन् खाली उतरून चपला घालू लागले.

तवा मले राहवलं नाही. बायायच्या घोळक्यातून मी पुढं झाली. म्हटलं, मी सांगते खरं काय ते, मी तिथंच होती, मले ठेवू द्या हात. देवराव म्हणाले, वैनी, बाईमाणसानं मारोतीले शिवायचं नाही, तुम्हाले काय सांगावं. वीस वर्षं मी शनिवारी तेल आणलं ते उंबऱ्याबाहेरून पुजाऱ्याच्या हातात दिलं, हे मलेच ठाऊक नव्हतं का. खरं ज्यायले ठाऊक त्यायच्यातला एक हात ठेवत नव्हता, एकानं ठेवून खोटं सांगतलं, अन् तिसरी मी, माहा हात चालत नव्हता. अन् बिनशपथेचं बाईचं बोलणं नवऱ्यासाठीच असते म्हणून कोणी धरणार नव्हतं.

मंग रुपीबाई बोलली. तांड्यावरून येऊन आमच्या शेजारी घर केलेली म्हातारी, सगळ्यात वयस्कर. म्हणे, मारोती राहू द्या, बहीण भावाच्या डोक्शावर हात ठेवून खोटं बोलत नाही, बोलली तं भाऊ वाचत नाही. लोकायले पटलं. देवराव बी हो म्हणाले.

संजय आला अन् माह्यापुढं वाकला. सगळ्यायसमोर. त्याले काय ठाऊक होतं, का ताई काय करीन? त्याले ठाऊक होतं. मी हात ठेवला. केसात तेच दोन भोवरे, ज्याच्यावर मी लहानपणी तेल थापत होती. मी मान वर केली तं समोर बायात सुरभी उभी. मांडीएवढं गाठोडं छातीशी धरून, त्यातून पोराची टाळू तेवढी दिसत होती. नुसती माह्याकडं पाहत होती, अन् ओठ हलत होते. माह्या डोळ्यापुढं ते घर आलं, कुलूप लावलेलं, अन् ओल्या बाळंतिणीले घेऊन रस्त्यावर उभा माहा भाऊ.

देवरावनं विचारलं, "वैनी, हा अर्ज तुमच्या भावानं करवला का?"

"नाही," मी म्हटलं.

बस. एक शब्द. शिकवला नव्हता कोणी, रात्रभर जागून ठरवला नव्हता. आला अन् गेला. मी देव मानणारी, शनिवार धरणारी, अन् मी माह्या भावाच्या डोक्शावर हात ठेवून खोटं बोलली. ज्यायनं आयुष्यात शपथ घेतली नाही ते माणूस पाराच्या खाली एक चप्पल घालून, एक हातात घेऊन उभं होतं.

लोक पांगले. आमचं घर गावातून काढलं नाही, तेवढी देवरावनं दया केली, वैनीच्या तोंडाकडं पाहून म्हणे. पण गावातला एक बी माणूस वामनरावच्या टेबलावर जाईना. तिथून पुढं आमच्या गावचे लोक महागावले गेले तं दुसऱ्या अर्जवाल्याकडं जात, ताडपत्रीसमोरून जात अन् मान फिरवत. धुऱ्याच्या भांडणात वामनरावचं नाव निघालं तं कोणीतरी हसे. दुसऱ्या गावचे लोक येत, त्यायच्यावरच चाललं. मंडळाच्या पोट्ट्यायनं आमच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, ते मी ओल्या फडक्यानं पुसलं. वामनरावनं वाचलं का नाही, मले ठाऊक नाही.

संजयले काही झालं नाही. मी रोज पाहत होती. खोकला तं मले वाटे, का माह्या हातानं गेला. नाही गेला. चांगला सुपारी चघळत फिरते. पोरगं गुटगुटीत झालं, आता भिंतीले धरून उभं राहते, अन् गाव म्हणते मारोतीनं पाहा कसा न्याय केला, खऱ्याच्या घरी लेकरू वाढलं. देव तारी त्याले कोण मारी. आपलेच दात अन् आपलेच ओठ, मी कोणाले सांगू? संजय एकदा साडी घेऊन आला होता, भाऊबीजेची. मी दारातच घेतली अन् दारातच ठेवली. तो म्हणे, ताई, तू वाचवलं. मी म्हटलं, जाय. शनिवारचं तेल मी सोडलं. राग मले त्या दगडाचा बी आला, हो, आता मी बी दगड म्हणते. खोट्याचा हात त्यानं धरला नाही, अन् खरं सांगणारा हात तयार होता तं तो बाईचा म्हणून चालत नव्हता.

महिनाभरानं मी देवरावकडं गेली. घरी कोणाले न सांगता. त्यायच्या ओसरीवर बसून सारं सांगतलं, अर्ज कोणाचा, कायले, कसा. त्यायनं ऐकून घेतलं, चहा पाजला. मंग म्हणाले, वैनी, तुम्ही भावाच्या डोक्शावर हात ठेवून वेगळं सांगतलं अन् आता ओसरीवर वेगळं सांगता. आता यातलं मी कोणतं धरू? मी कप खाली ठेवला अन् उठली. त्यायनं दारापर्यंत येऊन मले वाटे लावलं. माणूस वाईट नाही.

घरी वामनराव काही बोलले नाहीत. ना त्या शनिवारी, ना नंतर. तसेच सकाळी उठत, भाकर बांधून नेत, सांजेले येत, माहे पाय दुखले तं विचारत. नावानं हाक मारत. मी वाट पाहत होती का कधीतरी फुटतील, ताट फेकतील, म्हणतील तू बायको आहे का वैरीण. ते झालं असतं तं बरं झालं असतं. दिवाळी झाली, संक्रांत झाली. एका दुपारी ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसली, दोन शेंगा सोलल्या अन् विचारलंच.

म्हटलं, "वामनराव, तुम्ही माह्यावर रागावले का?"

त्यायनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे टोपल्यात टाकले.

"नाही," ते म्हणाले. "रागावलो नाही."

अन् दुसरी शेंग उचलली. सव्वीस वर्षं या माणसाचं एकूणएक बोलणं मी डोळे मिटून खरं मानलं. हे मानता आलं नाही.